लाल ठिपक्याचा पेला

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या आत्याला क्षयरोग झाला आणि घरात तिच्यासाठी एक ताट, एक वाटी आणि एक पेला वेगळा काढण्यात आला. त्या पेल्याच्या बुडाशी ओळख म्हणून लाल रंगाचा ठिपका दिलेला होता. आमच्यापैकी कुणी तो चुकून उचलला तर घरभर आरडाओरडा होत असे, आणि ती तिन्ही भांडी सर्वांत शेवटी, उकळते पाणी ओतून, वेगळ्या जागी घासली जात. आत्याला गार वाऱ्याने खोकल्याची उबळ येते म्हणून तिच्या खोलीची एकुलती एक खिडकी मात्र दिवसरात्र लावून घेतलेली असे, आणि संध्याकाळ झाली की आम्ही मुले त्याच खोलीत तिच्याभोवती कोंडाळे करून बसत असू, कारण गोष्ट सांगण्यात तिचा हात धरणारे घरात दुसरे कुणी नव्हते. दीड वर्षाने माझ्या चुलतभावाला तोच आजार निघाला, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी पहिला प्रश्न केला तो हा, की त्याने कधी त्या पेल्याने पाणी प्यायले होते का.

त्याने प्यायले असते तरी काही बिघडले नसते. फुफ्फुसाच्या क्षयरोगाचे जंतू ताट-वाटीतून, कपड्यांतून किंवा हस्तांदोलनातून पसरत नाहीत. रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा नुसता मोठ्याने बोलतो, तेव्हा जंतू वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण हवेत जातात, त्यांतले पाणी क्षणात उडून जाते आणि उरलेले कण बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. ते श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर पोहोचले तरच लागण होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी हे मोठ्या चिकाटीने सिद्ध केले. त्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या मजल्यावर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतून सोडली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी कसलाही स्पर्श नव्हता, त्यांची भांडीही अर्थातच वेगळी होती, तरी त्यांना क्षयरोग झाला. ज्या पिंजऱ्यांत जाणारी हवा आधी अतिनील किरणांखालून नेली होती, तिथले प्राणी मात्र निरोगी राहिले. आमच्या घरातला पेला वर्षभर उकळत्या पाण्याने भाजून निघत होता आणि खिडकी बंद होती, हे आठवले की आजही मन खट्टू होते. चुलतभाऊ औषधोपचाराने पूर्ण बरा झाला, आत्याही बरी झाली, पण आपल्यामुळे पोराला आजार झाला हे तिच्या मनातून कधी गेले नाही, आणि तो उष्ट्यातून झाला नव्हता हे तिला समजावून सांगण्याइतके ज्ञान तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

संसर्गजन्य रोगांविषयी वाचताना हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवतो, कारण माणसाला किळस वाटते ती जागा आणि रोग ज्या वाटेने येतो ती जागा या दोन्ही एकच असतात असे आपण गृहीत धरतो, आणि पुष्कळदा त्या एक नसतात. उष्टे, थुंकी, घाम, घाण वास, मळके अंथरूण यांची शिसारी येते आणि आपण तिथे जंतुनाशक ओततो. स्वच्छ दिसणारी हवा, नितळ पाणी, हसतेखेळते मूल यांची शिसारी येत नाही, म्हणून तिकडे लक्षही जात नाही. शिसारी पूर्णपणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, विष्ठेबाबत ती नेमके काम करते; पण वाटाड्या म्हणून तिच्यावर विसंबून चालत नाही.

याचे मला माहीत असलेले सर्वांत लख्ख उदाहरण क्यूबातल्या हवाना शहराजवळचे आहे. पीतज्वर हा त्या काळी तिथे माणसे झपाट्याने मारणारा रोग होता आणि तो रुग्णाच्या कपड्यांतून व अंथरुणातून पसरतो अशी वैद्यकातही पक्की समजूत होती, त्यामुळे अंथरुणे जाळणे आणि घरांना धुरी देणे हाच मुख्य उपाय चालत असे. कार्लोस फिनले या तिथल्याच डॉक्टरांनी १८८१ मध्ये हा रोग डासामुळे पसरतो असे मांडले होते, पण जवळजवळ २० वर्षे त्यांचे कुणी ऐकले नाही. अखेर १९०० साली वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी लष्करी डॉक्टरांच्या पथकाने दोन लहान लाकडी घरे बांधली. पहिल्या घरात पीतज्वराच्या रुग्णांच्या रक्ताने, उलट्यांनी आणि मलमूत्राने भरलेल्या चादरी, उशा, कपडे पेट्यांमध्ये भरून आणले. एक डॉक्टर आणि दोन सैनिक स्वेच्छेने आत गेले, त्यांनी पेट्या उघडल्या आणि त्या दुर्गंधीने ते अक्षरशः बाहेर पळाले. मग पुन्हा आत आले, त्याच चादरी अंथरून झोपले, आणि असे २० रात्री करत राहिले. त्यांच्यानंतर आणखी दोन तुकड्यांनी हेच केले. एकालाही पीतज्वर झाला नाही. दुसरे घर स्वच्छ, हवेशीर होते, आतल्या सगळ्या वस्तू निर्जंतुक केलेल्या होत्या, आणि मधोमध तारेची बारीक जाळी लावून त्याचे दोन भाग केले होते. जाळीच्या एका बाजूला रुग्णांना चावलेले डास सोडले आणि जॉन मोरन नावाचा स्वयंसेवक तिथे जाऊन पडला. जाळीपलीकडे दोघे जण तीच हवा घेत राहिले. नाताळच्या दिवशी मोरनला ताप भरला. सुदैवाने तो वाचला. पलीकडच्या दोघांना काहीच झाले नाही.

त्यानंतर हवानात डासांविरुद्ध मोहीम निघाली, पाण्याच्या टाक्या झाकल्या, साचलेल्या पाण्यावर तेल ओतले, आणि १९०१ हे वर्ष सरण्यापूर्वीच शहरातून पीतज्वर हटला. त्या रोगाचा विषाणू हाती लागला तो १९२७ साली. म्हणजे गुन्हेगार कोण हे ठाऊक नसतानाही त्याची येण्याजाण्याची वाट अडवता आली. साथीच्या पहिल्या दिवसांत, रोगाचे नावसुद्धा ठरलेले नसताना, 'हा पसरतो कसा' याचे उत्तर 'हा आहे कोण' याच्या उत्तराहून अधिक जीव वाचवते, असे मला वाटते ते याच कारणाने.

हा धडा किती लवकर विसरला जातो ते कोरोनाच्या पहिल्या वर्षात आपण सर्वांनी पाहिले. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठणकावून जाहीर केले होते, आणि तो निष्कर्ष बदलायला पुष्कळ वेळ गेला. तोपर्यंत जगभर लोक दाराच्या कड्या, पिशव्या, वर्तमानपत्रे आणि चिल्लर नाणी पुसत बसले होते, मीही होतो. त्याच महिन्यात, १० मार्चला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. तिला ६१ जण हजर होते, त्यांतला एक जण आजारी होता, आणि पुढच्या काही दिवसांत एकूण ५३ जणांना कोरोना झाला किंवा झाल्याची दाट शक्यता दिसली, दोघे दगावले. इतक्या लोकांनी एकाच खुर्चीला हात लावला असेल असे नव्हे. सगळ्यांनी मिळून एकाच बंद दालनातली हवा छातीत भरून घेतली होती आणि गाताना ती जोराने बाहेर सोडली होती. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला हात लागून कोरोना होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारणपणे १० हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले, तोवर पुसण्याची सवय हाडीमांसी खिळली होती.

त्या काळात मी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र घेतले. आपण उच्छ्वासातून सोडलेली हवा खोलीत किती साठली आहे याचा तो चांगला अंदाज देतो, कारण जंतू दिसत नसले तरी ते याच उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. मोकळ्यावर हा आकडा दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास असतो. रात्री खोलीचे दार-खिडकी लावून आम्ही तिघे झोपलो आणि पहाटे पाहिले तर तो दोन हजारांच्या वर गेला होता. मी खिडकी उघडली तरी तो हलकेच उतरत होता. समोरचे दारही उघडल्यावर मात्र पाच-सात मिनिटांत आकडा सहाशेच्या खाली आला. एका बाजूने हवा आत येण्याला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाण्याला वाट असणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. नुसता पंखा लावल्याने असे होत नाही, तो तीच हवा खोलीतल्या खोलीत फिरवत राहतो.

हवेतून जाणाऱ्या रोगांत गोवराचा हात धरणारा कुणी नाही. गोवर झालेले मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा सहवासातल्या दहा जणांपैकी नऊ जणांना लागण होते. त्यात भर म्हणजे, अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल हा रोग पसरवू लागते. त्या चार दिवसांत ताप, सर्दी, डोळ्यांची लाली यांपलीकडे काही दिसत नाही आणि आई-वडील साधे पडसे समजून मुलाला शाळेत पाठवतात. पुरळ दिसल्यावर त्याला घरी ठेवणे योग्यच, पण तोवर चोर घर लुटून गेलेला असतो. अशा रोगाला खिडक्या उघडून किंवा हात धुऊन आवरता येत नाही, त्याला लसच लागते, आणि तीही समाजातल्या सुमारे ९५ टक्के लोकांना. गोवराच्या लशीचे दोन डोस सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात, परंतु लस घेण्याच्या वयाला न पोहोचलेली तान्ही मुले आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण हे केवळ भोवतालच्यांनी लस घेतली म्हणूनच सुरक्षित राहतात. 'आमच्या मुलाला काही होत नाही, आम्ही लस देणार नाही' असे म्हणणाऱ्या शिकल्यासवरलेल्या माणसांशी वाद घालताना माझा तोल जातो, हे मी कबूल करतो.

आता तोंडावाटे येणाऱ्या रोगांकडे वळू, कारण इथे हात धुणे हा उपाय खरोखर आपल्या जागी आहे. तरीही एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. निरोगी माणसाला पटकी व्हायची तर तिचे कोट्यवधी जिवाणू पोटात जावे लागतात, कारण जठरातले आम्ल त्यांतल्या बहुतेकांचा निकाल लावते. एवढी मोठी फौज दूषित पाण्यातून किंवा अन्नातूनच येऊ शकते, म्हणून पटकीच्या साथीत आधी पाण्याकडे पाहायचे असते. याउलट रक्ती हगवण लावणाऱ्या शिगेला जिवाणूंना १० ते १०० एवढे संख्याबळही पुरते, आणि इतके जिवाणू नखाच्या कडेला सहज मावतात. त्यामुळे हगवण एका हातावरून दुसऱ्या हातावर, लहान मुलाच्या लंगोटावरून स्वयंपाकघरात, अशी विनासायास पोहोचते.

हात धुण्याविषयी आपला एक गोड गैरसमज असतो की तो आपल्याला येतो. माझ्या मुलीच्या शाळेत करून दाखवलेला एक प्रयोग आम्ही घरी केला. तळहातावर जलरंगाचा मोठा थेंब घ्यायचा, डोळे मिटायचे आणि नेहमी साबण लावतो तसा तो रंग हातांना चोळायचा. डोळे उघडले तेव्हा माझे तळहात निळेशार झाले होते, पण दोन्ही अंगठ्यांची मागची बाजू, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या कोऱ्या होत्या. ज्या टोकांनी आपण डोळा चोळतो, नाक पुसतो आणि घास उचलतो, नेमकी तीच मी इतकी वर्षे धुतलीच नव्हती. तेव्हापासून मी आधी अंगठे मुठीत धरून फिरवतो, मग बोटांची टोके दुसऱ्या तळहातावर घासतो आणि उरलेला हात त्यानंतर. वेळ २० सेकंदांहून अधिक लागत नाही.

साबण नेमके करतो काय, हेही थोडे सांगतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे चरबीला चिकटते. फ्लू आणि कोरोना यांसारख्या विषाणूंभोवती चरबीचे नाजूक वेष्टन असते, ते साबणाने फाटते आणि विषाणू निकामी होतो. ज्यांना असे वेष्टन नसते ते जंतू मरत नसले तरी तेलकटपणाबरोबर सुटे होऊन वाहत्या पाण्यातून निघून जातात. सॅनिटायझरमधले अल्कोहोल पहिल्या प्रकाराला मारते, दुसऱ्याला धुऊन काढू शकत नाही. म्हणूनच उलट्या-जुलाबांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर फारसा उपयोगाचा नाही, तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. रेबीजच्या विषाणूलाही चरबीचे वेष्टन असते. कुत्रा चावल्यास जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि त्यानंतर लगेच लस घ्यायला जायचे, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास शंभर टक्के प्राणघातक आहे. जखमेवर भलतेसलते काही लावत बसण्यात तो मोलाचा वेळ जातो.

पाणी उकळताना त्याला खळखळून एक मिनिट उकळी आली की पुरे होते, पण ते निवल्यावर त्यात कुणी पेला धरलेला हात मनगटापर्यंत बुडवला तर सारी मेहनत वाया जाते. झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे या दोन वस्तू पाणी शुद्ध करण्याच्या महागड्या यंत्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

डेंग्यूच्या बाबतीत किळस आपल्याला पुरती चकवते. हा रोग पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या तुलनेने स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो, आणि चावतो तोही दिवसा. म्हणून गटारावर धूर सोडणारी गाडी दिसली की लोकांना हायसे वाटते, पण त्या धुराने फार तर उडते डास मरतात, घरातल्या अळ्यांना त्याची झळ लागत नाही. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यामागचे गणित एवढेच आहे. त्यातही एक खोच अशी की अंडी पाण्यात नसून पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटवलेली असतात आणि ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. भांडे नुसते पालथे करून भागत नाही, आतून खसाखसा घासावे लागते. आमच्याकडे अळ्या सापडल्या त्या फ्रिजच्या मागे, खाली पाणी गोळा होणाऱ्या ट्रेमध्ये. कुंड्यांखालच्या बशा मी दर रविवारी पुसत होतो आणि हा ट्रे अस्तित्वात आहे हेच मला ठाऊक नव्हते. याच ओघात सांगून टाकतो की एचआयव्ही डासांमुळे पसरत नाही. डास एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात टोचत नाही, तो फक्त आपली लाळ सोडतो, आणि तो विषाणू डासाच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोहोचतच नाही.

रोगाची वाट माहीत असली तरी ती केव्हा वाहती होते हेही पाहावे लागते. गोवर आणि फ्लू लक्षणे ओळखू येण्याआधीच पसरू लागतात. देवीचे तसे नव्हते. रुग्ण प्रामुख्याने पुरळ उठल्यावर, म्हणजे सर्वांना ओळखू येईल अशा अवस्थेत, रोग देत असे. शिवाय देवीचा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात राहत नव्हता. त्यामुळे रुग्ण शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या सहवासातल्या प्रत्येकाला लस टोचून त्याच्याभोवती कडे करायचे, ही युक्ती जगभर लागू पडली आणि १९८० मध्ये देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा करता आली.

नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा माणूस सोमालियातल्या मेर्का गावचा अली माओ मालिन. तो तिथल्या रुग्णालयात स्वयंपाकी होता, आणि लस टोचून घेण्याची भीती वाटल्याने त्याने ती टाळली होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये देवीच्या दोन रुग्णांना घेऊन आलेल्या गाडीला रस्ता दाखवण्यासाठी तो त्यांच्यासोबत बसला. प्रवास काही मिनिटांचाच होता. पुढे त्याला ताप आला तेव्हा आधी तो हिवताप ठरवला गेला, पुरळ उठल्यावर कांजिण्या म्हटले गेले, आणि देवी आहे हे कळेपर्यंत बरेच जण त्याला भेटून गेले होते. त्या सर्वांना शोधून लस दिली गेली आणि त्याच्यापासून दुसऱ्या कुणालाही देवी झाली नाही. मालिन बरा झाला. पुढच्या आयुष्यात तो गावोगाव फिरून पोलिओची लस देणाऱ्यांत सामील झाला आणि लस नाकारणाऱ्या आई-बापांना स्वतःची गोष्ट सांगू लागला. २०१३ मध्ये सोमालियात पोलिओने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा त्या मोहिमेवर असतानाच त्याला ताप आला. या वेळी तो खरोखरच हिवताप होता, आणि त्यातच तो गेला.